गर्दीत तापणाऱ्या बाईसाहेब

११ एप्रिल

ती. मामा,

नमस्कार. पाकिटावर आईऐवजी माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी ‘दुकान हलवलं’ म्हणाले आणि तू घाबरून ‘कोण कळवळलं?’ विचारलंस, ते आठवलं. दोघंही ओरडून ओरडून दमलो आणि माझं चष्म्याचं दुकान नव्या जागेत गेलं हे तुला शेवटपर्यंत कळलं नाही. तर ते गेलंय. आता घरापासून चालत जाता येतं.

मुद्द्याचं बोलते. बाईसाहेब तापतात.

मोकळ्या रस्त्यावर काही नाही. परवा शहराबाहेरच्या रस्त्यावर चांगली पळवली, टेंपरेचरचा काटा मध्यावर शहाण्यासारखा बसून होता. पण दुपारी आईला घेऊन पुलाकडच्या रस्त्याला लागलं, पुढे गाड्यांची रांग आली, एक पाऊल चाल आणि थांब असं सुरू झालं की काटा वर चढायला लागतो. आधी हळूहळू, मग जिना चढल्यासारखा. एकदा तर बॉनेटमधून वाफ आली आणि मागचा ट्रकवाला उतरून मलाच पाणी प्यायला देऊन गेला, माझा चेहरा तसा झाला असावा.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं थर्मोस्टॅट बदलला. फरक नाही. मग वॉटर पंपावर संशय घेतला, तोही बदलला. फरक नाही. आता तो म्हणतो, “विकून टाका ना ताई, किती दिवस ओढणार?” हे आईनं खिडकीतून ऐकलं आणि त्याच्याशी बोलणंच टाकलं. मला म्हणाली, “मामाला विचार. तिच्या पोटात काय आहे ते त्यालाच माहीत.”

सवडीनं लिही. पण फार सवडीनं नको.

तुझी,
भिंगरी

२० एप्रिल

भिंगरी,

खूप आशीर्वाद आणि एक टपली. विकून टाका म्हणे! त्याला सांग, ही गाडी विकायची झाली तर आधी मला विकावं लागेल, कारण तिच्यातले निम्मे नटबोल्ट माझ्या हातचे आहेत.

तुला ही गोष्ट आईनं सांगितली असेल, पण माझ्याकडून ऐक. एक डॉक्टर गाव सोडून चालले होते, त्यांची ही गाडी. आमच्या घरात तोवर सायकल हीच मोठी गोष्ट. मी वर्कशॉपमध्ये नुकता लागलेलो, ताई, म्हणजे तुझी आई, टायपिंगची नोकरी करायची. दोघांनी मिळून घेतली. वडील अंगणात आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि “हिला बांधणार कुठं?” एवढंच विचारून आत गेले. चालवायला ताई आधी शिकली. वीटभट्टीमागच्या मैदानात रोज पहाटे. मी शेजारी पान्यांची पेटी मांडीवर घेऊन बसायचो. ती गिअर टाकायची तेव्हा असा आवाज यायचा की भट्टीवरची कुत्री पळून जायची. पण महिन्याभरात असा हात बसला तिचा, की मी आयुष्यात इतक्या ड्रायव्हरांच्या गाड्या दुरुस्त केल्या, तिच्यासारखा क्लच सांभाळणारा माणूस पाहिला नाही. तिनं कधी, कुठंही, एक ओरखडा पाडला नाही. मला दूर नोकरी लागली तेव्हा म्हणूनच गाडी तिच्याकडे ठेवून निघालो.

आता दुखणं. गाडी पळताना थंड राहते आणि उभी राहिली की तापते. म्हणजे पाणी फिरतंय, हवा कमी पडतेय. पळताना वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, फुकट. उभं राहिल्यावर तो वारा फॅननं ओढून आणायचा असतो. तुझ्या मेकॅनिकनं पाण्याच्या बाजूला शोधलं, चूक त्याची नाही, बहुतेक वेळा तिथंच असतं. तू एवढं बघ:

इंजिन थंड असताना पाणी पुरेसं आहे का. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, काय वाट्टेल ते झालं तरी नाही. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग लहानपणी तू ‘नकाशा’ म्हणायचीस, तो अशाच एका झाकणाचा आहे. मग रेडिएटरच्या जाळीत माती-किडे भरलेत का ते बघ. आणि इंजिन तापल्यावर पुढचा विजेचा फॅन फिरतो का? तो मीच बसवला होता, मागे आलो होतो तेव्हा. आणि गाडीचं तोंड शेवटचं कोणी उघडलं, कशासाठी?

तोवर एक युक्ती. गर्दीत काटा चढायला लागला की हीटर पूर्ण चालू कर. इंजिनाची उष्णता आत येईल. घाम निघेल, पण इंजिन वाचेल. ताईला खिडक्या उघडून बसायला सांग.

एक विचारू? तुझं दुकान जवळ आलंय म्हणतेस, मग भर दुपारी पुलाच्या गर्दीत तुम्ही दोघी जाता कुठं? आणि ताईची पत्रं हल्ली चार ओळींत संपतात. तिला म्हणावं, इतकी कंजुषी बरी नाही.

मामा

(खाली मी मामी. यांना पान्याला हात लावायची डॉक्टरांची परवानगी नाही, छातीचं ऑपरेशन होऊन फार दिवस झालेले नाहीत. पण तुझं पत्र आल्यापासून जेवताना चमच्यानं ताटावर इंजिन काढून मला समजावतायत. लिहीत राहा. चेहरा उजळलाय.)

२ मे

ती. मामा,

तू विचारलेलं सगळं बघितलं. आई गाडीत बसली, किल्ली तिनं फिरवली, मी पुढे उभी. पाणी भरपूर. जाळी जुन्या ब्रशनं साफ केली, एक अख्खं फुलपाखरू निघालं, आईनं ते खिडकीत ठेवलंय. इंजिन तापल्यावर फॅन सुरू झाला, चांगला गरगर फिरतो, आवाजही जोरात. म्हणजे फॅन ठीक आहे ना?

गाडीचं तोंड हिवाळ्यात उघडलं होतं. बंपर भिंतीला लागला होता, थोडासाच. त्यात फॅनची मोटर गेली. दुसऱ्याच एका गॅरेजवाल्यानं नवी मोटर बसवून दिली.

हीटरची युक्ती मात्र नामी! पुलावर रांगेत अडकलो होतो, काटा लाल पट्टीकडे निघाला, मी हीटर लावला आणि बघता बघता खाली आला. मी घामानं निथळत होते, चष्मा नाकावरून घसरत होता. आई म्हणाली, “बंद करू नकोस गं, बरं वाटतंय.” शालीतून हात बाहेर काढून तिनं हीटरच्या झोतासमोर धरले आणि चक्क गुणगुणायला लागली. शेजारच्या गाडीतला माणूस आमच्या बंद काचांकडे बघत राहिला.

तू विचारलंस कुठं जातो. काही ना काही कामं निघतातच पलीकडे. आईच्या पत्रांचं सांगितलं तिला. ‘बघते’ म्हणाली.

फॅन ठीक असेल तर आता काय बघू?

भिंगरी

१० मे

भिंगरी,

आधी गाडीचं, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील.

फॅन फिरतो म्हणजे ठीक आहे असं नाही. कोणत्या बाजूला फिरतो ते महत्त्वाचं. इंजिन तापू दे, फॅन सुरू झाला की वर्तमानपत्राचा एक कागद गाडीच्या नाकासमोर, जाळीजवळ धर. हात आत घालायचा नाही, नुसता कागद सोडायचा. फॅन हवा आत ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून बसेल. कागद तुझ्या तोंडावर उडून आला तर समज, नवी मोटर बसवताना वायरी उलटसुलट जोडल्या आहेत आणि फॅन हवा बाहेर ढकलतोय. पळताना समोरचा वारा त्याला पुरून उरतो, म्हणून कळत नाही. उभं राहिल्यावर बिचारी गरम हवेतच श्वास घेते. मला जवळजवळ खात्री आहे.

आता दुसरं. तुझं पत्र मी आधी हसत वाचलं. ‘बंपर भिंतीला लागला’ वाचून मामीला म्हटलं, बघ, भाचीनं भिंत पाडली. मग पुन्हा वाचलं. बंपर लागला होता, पण कोणी लावला ते तुझ्या वाक्यात नाही. तू स्वतःची चूक कधी लपवत नाहीस, लहानपणी माझा रेडिओ फोडलास तेव्हा तुकडे ओंजळीत घेऊन तूच आलीस. म्हणजे तू नव्हतीस.

आणि मे महिन्यात, दुपारी, काचा बंद करून, हीटर लावलेल्या गाडीत शाल पांघरून कोणाला बरं वाटतं?

मी ऐकू येत नसलेला माणूस आहे, भिंगरी. वाचता येतं मला. ताईला काय झालंय?

मामा

१८ मे

ती. मामा,

कागद तोंडावर आला. इतक्या जोरात, की आई गाडीत बसल्या बसल्या टाळी वाजवून म्हणाली, “सापडलं! सांगितलं होतं ना, तो सांगेल म्हणून!” आणि लगेच, “आपलं काही लिहू नकोस हं.”

मी लिहितेय. तिला न सांगता.

हे पत्र ज्या बाकावर बसून लिहितेय तो पुलापलीकडच्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात आहे. आत आई डायलिसिसवर आहे. तिच्या किडन्या काम करेनाशा झाल्यात, म्हणून आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त स्वच्छ करून घ्यावं लागतं. हिवाळ्यात एकदा फाटकातून गाडी बाहेर काढताना तिला चक्कर आली आणि बंपर भिंतीला लागला. तपासण्या झाल्या आणि हे निघालं. त्या दिवसापासून तिनं गाडी चालवली नाही. किल्ली माझ्या हातात देताना नुसतं म्हणाली, “क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही.” मशीनवरून उठल्यावर तिला हुडहुडी भरते, कितीही ऊन असलं तरी. म्हणून शाल. हात दमतो म्हणून पत्र चार ओळींचं.

तुला कळवू नये हा तिचा हुकूम, आणि त्याचं कारणही ऐक. म्हणाली, “तो पुढच्या गाडीनं येईल आणि डॉक्टरपुढे शर्ट वर करून उभा राहील, माझी एक काढून हिला द्या म्हणून. त्याची छाती आत्ताच उघडून शिवलीय. त्याला काही झालं तर मी त्या मशीनवर पडून काय करू?”

मामा, ती म्हणते ते खरं आहे ना? तू तसंच करशील ना? म्हणून पाया पडून सांगते, येऊ नकोस. तुझे डॉक्टर लांबच्या प्रवासाला नको म्हणाले होते हे मामीनं मला सांगितलंय. पत्र लिही. लांबलचक लिही. मी तिला वाचून दाखवेन. वायरींचं मी मेकॅनिककडून करून घेईन.

आत नर्सनं हाक मारली. जाते.

भिंगरी

२३ जून

भिंगरी,

सुखरूप घरी पोचलो. गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली, मामीनं दिलेली गोळी वेळेवर घेतली, कोणाशी भांडलो नाही. आल्याबद्दल तुझी माफी मागणार नाही. मला येऊ नकोस म्हणून लिहिणं म्हणजे तापलेल्या इंजिनाला तापू नकोस सांगणं. त्या सकाळी दार उघडून तू जो चेहरा केलास तो मात्र लक्षात ठेवीन. आतून ताईनं “कोण आहे गं?” विचारलं आणि तू “कोणी नाही” म्हणालीस! मी ट्रंक घेऊन उंबऱ्यावर उभा. भिंगरी, कोणी नाही?

तू दुकानात असायचीस तेव्हाचं तुला काही माहीत नाही, म्हणून लिहितो.

वायरींचं काम तू संध्याकाळी आलीस तेव्हा झालेलं होतं. पण ते कसं झालं ते सांगायचं राहिलं. तुझ्या मेकॅनिकला बोलावलं, कारण मामीची शपथ होती. भला माणूस आहे. मी सांगत होतो, तो करत होता. ताईला अंगणात खुर्ची टाकून दिली होती. दोनच वायरी, इकडची तिकडे. पण तिनं त्याला सुखानं करू दिलं नाही. “बॅटरी आधी सोडव. टेप घट्ट गुंडाळ. गाठ मार, गाठ.” तो बिचारा म्हणाला, “बाई, गॅरेज तुमचं होतं की यांचं?” मग कागद धरून बघितला. चप्पकन जाळीला चिकटला. ताई त्या कागदाकडे बघतच राहिली. मला म्हणाली, “तू गेलास तेव्हा वाटलं होतं दोन-तीन वर्षांत येशील परत.” नोकरी, मामी, घर, सगळं तिकडेच उभं राहिलं. गेलं आयुष्य. चांगलं गेलं, पण गेलं.

डॉक्टरांचं तुला अर्धवट माहीत आहे. शर्ट मी खरंच वर केला. त्यांनी छातीवरची शिवण बघितली, माझं वय विचारलं आणि म्हणाले, “आजोबा, तुमचं आहे ते तुम्हीच जपून वापरा.” बाहेर येऊन ताईला सांगितलं तर तिनं मला व्हरांड्यात सगळ्यांदेखत झापलं. मला ऐकू येत नाही असं दाखवलं. तिला माहीत होतं मी सोंग करतोय, मग ती आणखी जोरात झापायला लागली. मग दोघंही हसलो. फार दिवसांनी हसलो तसं.

आणि तो हॉल. ओळीनं पलंग, प्रत्येकाशेजारी मशीन, सगळे छताकडे बघत पडलेले, बोलायचं ते कुजबुजत. आमचं कुजबुजणं कसं जमणार? ती हळू बोलली तर मला ऐकू येईना, आणि मी तर बोलतोच ओरडून. पहिल्या दिवशी नर्सनं दोनदा बोटानं गप्प केलं. तिसऱ्या दिवशी तीच येऊन उभी राहिली, कारण सोड्याची गोष्ट चालली होती.

ती तू ऐकली नाहीस. एकदा ताई आणि मी मित्रमंडळींना भेटायला डोंगरापलीकडे निघालो होतो, वडिलांना न सांगता. चढावर गाडी उकळली. आजूबाजूला पाण्याचा थेंब नाही. मागच्या सीटवर संत्र्याच्या सोड्याच्या बाटल्या होत्या, पार्टीसाठी नेलेल्या. गाडी निवू दिली आणि ताईनं एकेक बाटली फोडून रेडिएटरमध्ये ओतली. तशीच गाडी वळवून आम्ही घरी. वाटेत थंडी, म्हणून हीटर लावलेला. गाडीभर संत्र्याचा वास, कपड्यांना वास, केसांना वास. आणि घराच्या फाटकात वडील उभे. त्यांनी खिडकीत तोंड घातलं, हुंगलं आणि विचारलं, “बाग लुटली का?”

एवढं सांगितलं आणि नर्स म्हणाली, वेळ झाली, सुया काढायच्या. त्याच संध्याकाळची माझी गाडी होती. गोष्ट राहिली.

त्या दुपारी, सुया काढायच्या थोडं आधी, ती मला हळू काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. परत म्हणायला लावलं. म्हणाली, “मशीनला मी घाबरत नाही रे. पण तिथं पडल्यावर मला आपलं जुनं घर आठवतं, अंगण आठवतं, आणि हे आठवतंय असं कोणाला सांगावं, तर तुझ्याशिवाय आता कोणी उरलंच नाही.”

हे तुला सांगावं की नाही, गाडीत बसून विचार करत होतो. सांगितलं.

मामा

१६ जुलै

ती. मामा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शेवटचा भाग आईला वाचून दाखवला नाही.

बाईसाहेब ठणठणीत. काल पुलावर पाईप फुटला होता, गाड्या इंचाइंचानं सरकत होत्या, शेजारच्या रिकाम्या रिक्षेचा चालक उतरून पुढं बघायला गेला तो दहा मिनिटांनी परत आला. काटा मध्यावर. मी सवयीनं काट्याकडेच बघत बसले होते, तर आई म्हणाली, “तिकडे काय बघतेस, बरी झालीय ती.”

पण आई बरी नाही, मामा. मशीन, औषधं सगळं ठीक चाललंय, डॉक्टर समाधानी आहेत. पण तू गेल्यापासून ती आत आत गेलीय. हॉलमधले लोक मात्र तिला सोडत नाहीत. शेजारच्या पलंगावरचे निवृत्त शिक्षक दर वेळी विचारतात, “फाटकात वडील होते, पुढं काय झालं?” कोपऱ्यातली शिंपीणबाई तर म्हणाली, “आम्हाला असं लटकवून गेले तुमचे भाऊ.” आई म्हणते, “मला काय माहीत? माझ्यावर चिडले, मी रडत आत गेले. बाहेर तो होता वडिलांबरोबर. पुढचं त्याचं आहे, तोच सांगेल.” आणि कूस बदलते.

आता लिहायला नको वाटतंय ते लिहिते. गेल्या आठवड्यात एका दुपारी मी गाडी काढून हॉर्न वाजवला, ती बाहेर आली नाही. आत गेले तर पलंगावर बसून होती, शाल घडी करून बाजूला ठेवलेली. म्हणाली, “आज नको. कंटाळा आलाय. जाऊन काय करायचं, छतच बघायचं.” मी रागावले, विनवलं, डॉक्टरांना फोन लावून दिला. नाही म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी पाय सुजले, धाप लागली, मग गेली. डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन सांगितलं, असं पुन्हा झालं तर धोका आहे. माणूस कंटाळून मशीन सोडतो, तसं होऊ देऊ नका.

मी तुला ये म्हणत नाहीये. तुझी प्रकृती, मामी, घर. फक्त तिला पत्र लिही. ते सोड्याचं पुढचं लिही. मी हॉलमध्ये मोठ्यानं वाचेन.

भिंगरी

२४ जुलै

भिंगरी,

पत्रात नाही लिहिणार. म्हणजे तुला लिहितो, पण ताईला दाखवायचं नाही. वचन दे आणि मगच पुढं वाच.

त्या दिवशी ताई रडत आत गेली. वडील फाटकाला टेकून उभे राहिले, मी मान खाली घालून. मला वाटलं आता आपली पाळी. त्यांनी विचारलं, “चढावर गाडी कोणी चालवली?” म्हटलं, ताईनं. “उतरताना?” ताईनंच. मग म्हणाले, “हात स्थिर होते का तिचे?” मी म्हटलं, माझ्यापेक्षा. तर वडील हसले. माझ्या आठवणीत ते इतके क्वचित हसलेत, म्हणून मी घाबरलो. म्हणाले, “मी रागावलो ते तसंच राहू दे. बाप आहे मी. पण पोरगी पुन्हा पाण्याविना जाता कामा नये.” आणि मला शपथ घातली, तिला सांगायचं नाही.

त्यानंतर गाडीच्या मागच्या सीटखाली कायम पाण्याचा भरलेला डबा असायचा. ताई कधीही निघाली, कुठंही निघाली, डबा भरलेला. ती आजवर समजते तो मी भरायचो. मैत्रिणींना सांगायची, माझा भाऊ किती काळजी घेतो. मी निघून गेल्यावरही डबा भरलेलाच राहिला, तर तिला वाटलं, आपणच सवयीनं भरत असू आणि विसरत असू. तो वडील भरायचे. ती उठायच्या आत अंगणात जाऊन, विहिरीवरून. त्यांचे पाय चालेनात तोवर.

इतकी वर्षं मी शपथ पाळली. आता मोडणार आहे, आणि हे पत्रातून सांगायची गोष्ट नाही. हे मला तिच्या तोंडाकडे बघून सांगायचंय.

मामीला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिनं चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, “आपल्याला इथं कोण आहे? मुलगा परदेशात, शेजारी बदललेले. तुमच्या बहिणीला तुम्ही आहात आणि तुम्हाला ती. मी स्वयंपाक कुठंही करीन.” माझ्या डॉक्टरनं आधी डोकं हलवलं, मग मशीनशेजारी खुर्चीवर बसून बोलण्यानं छातीला काही होत नाही असं लिहून दिलं. घर भाड्यानं जातंय. सामान मागाहून येईल, आम्ही पुढं येतो. तुझ्या घरी वरच्या खोलीत राहू. खोलीत अडगळ आहे हे मी बघून गेलोय, ती आवरायला मामी येते आहे, तू हात लावू नकोस.

बुधवारी तिची पाळी असते ना? बुधवारी दुपारी आमची गाडी येते. स्टेशनवर येऊ नकोस, तिला वेळेवर हॉलवर ने. काही झालं तरी ने. मी येतोय हे सांगू नकोस, नाहीतर आतापासून झापायला सुरुवात करील. मामीला सामानासकट घरी सोडतो आणि रिक्षा करून तसाच पुलापलीकडे येतो. रांग लागली तर पायी येईन.

नर्सला सांगून ताईच्या पलंगाशेजारी एक खुर्ची ठेव. आणि त्या शिक्षकांना म्हणावं, जरा इकडे वळून पडा, मी मोठ्यानं सांगणार आहे.

मामा